सरकारी मालकीची ऐतिहासिक वास्तू नगरपंचायतीकडे लोकोपयोगासाठी कशी मागून घ्यावी

विदर्भातील बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी जुनी तहसील कचेरी, इंग्रजी अमदानीतला डाक बंगला, दगडी कोठडीचे पोलीस ठाणे किंवा जुना दवाखाना अशी एखादी तरी सरकारी वास्तू कुलूपबंद उभी असते. कार्यालय नव्या प्रशासकीय इमारतीत गेलेले असते, जुन्या इमारतीची जबाबदारी आता नेमकी कोणाची हे कोणी ठामपणे सांगत नाही, आणि दर पावसाळ्यात तिच्या छपरावरचे कवेलू (कौले) थोडे थोडे खाली येत राहतात. अशी वास्तू राज्य शासनाकडून नगरपरिषदेने, नगरपंचायतीने किंवा ग्रामपंचायतीने मागून घेऊन तिथे वाचनालय, अभ्यासिका, स्थानिक वस्तुसंग्रहालय किंवा सभागृह चालवणे कायद्याने पूर्णपणे शक्य आहे. ही वाट लांबची आहे. तरीही माझे मत असे आहे की असे प्रस्ताव मंत्रालयात अडण्यापूर्वी गावातच कच्चे राहिलेले असतात, कारण जमीन कोणाची, इमारत कोणाची आणि वापर कोणाचा हे तीन प्रश्न मागणी करणाऱ्यांनी वेगवेगळे करून पाहिलेले नसतात.

जमीन एकाची, इमारत दुसऱ्याची, वापर तिसऱ्याचा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार जी जमीन अन्य कोणाच्या मालकीची नाही ती राज्य शासनाची असते, आणि तिचा कारभार महसूल विभागामार्फत जिल्हाधिकारी पाहतात. त्या जमिनीवरील इमारत मात्र बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मालमत्ता नोंदवहीत असते, कारण ती बांधणे आणि दुरुस्त ठेवणे हे त्या विभागाचे काम होते. तिसरा पक्ष म्हणजे तिथे बसणारे किंवा पूर्वी बसलेले खाते: पोलीस ठाण्यासाठी गृह विभाग, दवाखान्यासाठी आरोग्य विभाग, तहसिलीसाठी पुन्हा महसूल. यांपैकी एकाने ‘आमची हरकत नाही’ असे लिहून दिले म्हणजे काम झाले, असा समज फार ठिकाणी आढळतो आणि तोच पुढे प्रस्ताव परत येण्याचे कारण ठरतो. वापरणाऱ्या खात्याने जागेची गरज संपल्याचे लेखी कळवणे, बांधकाम विभागाने इमारत आपल्या नोंदवहीतून वर्ग करण्यास मान्यता देणे आणि महसूल विभागाने जमीन प्रदान करणे, या तिन्ही गोष्टी हव्यात. जमीन सोडून केवळ इमारत ताब्यात घेतली, तर उद्या साधी संरक्षक भिंत बांधायलाही परवानगी मागत फिरावे लागते.

वास्तू खरोखर राज्य शासनाचीच आहे का, हे त्याआधी पाहावे. विदर्भात १९४८ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड स्थानिक शासन कायद्याने जनपद सभा (त्या वेळच्या ग्रामीण स्थानिक स्वराज्य संस्था) स्थापन झाल्या होत्या, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर त्यांचा कारभार व मालमत्ता जिल्हा परिषदांकडे गेली. त्यामुळे जुनी शाळा, गुरांचा दवाखाना किंवा सराय यांच्या कागदावर ‘जनपद सभा’ किंवा ‘डिस्ट्रिक्ट कौन्सिल’ असे नाव दिसले, तर तुमचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे नव्हे तर आधी जिल्हा परिषदेकडे जायला हवा. वऱ्हाडातील गढ्यांची गोष्ट आणखी निराळी आहे. पांढऱ्या मातीच्या या गढ्यांपैकी कित्येक देशमुख, देशपांडे घराण्यांच्या खासगी मालकीच्या आहेत, काही गावठाणात सरकारी म्हणून नोंदल्या आहेत, आणि काहींच्या एकाच आवारात दोन्ही प्रकारच्या नोंदी असू शकतात. तेव्हा गढी ओसाड आहे म्हणून ती सरकारजमा असेल असे कधीही गृहीत धरू नये. रेल्वेची जुनी स्थानके, टपाल कार्यालये आणि लष्कराच्या जागा राज्याच्या नाहीतच, त्यामुळे या वाटेने त्या मिळत नाहीत.

कागद कुठे आणि कसे शोधावेत

हा भाग सर्वांत वेळखाऊ आहे, आणि विदर्भात तो उर्वरित महाराष्ट्रापेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, तर नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. वऱ्हाडात रयतवारी पद्धत (शेतकऱ्याने थेट सरकारला सारा भरण्याची) रुजली, तर नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा (आजचे चंद्रपूर) या भागांत मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराचे मालकी हक्क, राहिली. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क शासनाकडे आले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. प्रत्येक बदलासोबत नोंदवह्यांचे नमुने बदलले, म्हणून एकाच वास्तूचा माग तीन-चार प्रकारच्या कागदांतून काढावा लागतो.

पूर्व विदर्भात १९५४-५५ च्या सुमारास तयार झालेले अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक (गावकऱ्यांच्या सामायिक वापराच्या हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद) हे कागद फार मोलाचे आहेत. मालगुजाराची कचेरी, तलावाची पाळ, गुरांचा कोंडवाडा, उतारूंची जागा यांचा सामायिक वापर त्यात लिहिलेला आढळतो, आणि ‘ही जागा पूर्वीपासून लोकांच्या वापराची आहे’ हे म्हणणे त्यानेच सिद्ध करता येते. शहरी भागातील जागा नझूल (शहर हद्दीतील सरकारी जमीन) असेल, तर भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि नझूल शीटची नकल घ्यावी. ग्रामीण भागासाठी सातबारा, फेरफार नोंदी आणि तलाठ्याकडील गाव नमुना १-ब पाहावा. त्यात गावातील सरकारी जमिनींची नोंद असते. सातबारावर केवळ ‘सरकार’ असे लिहिलेले असेल तर पुढचे काम सोपे जाते. ‘गायरान’ असे असेल तर थांबावे, कारण गायरान जमिनीचा वापर बदलण्यावर संहितेच्या कलम २२-अ चे कडक बंधन आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ मधील जगपाल सिंग प्रकरणातील निकालानंतर या जमिनींकडे शासन फार काळजीने पाहते. जमीन वनाची असेल, आणि गडचिरोलीत किंवा मेळघाटात ही शक्यता नेहमीच असते, तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची पूर्वमान्यता लागते. अशा वेळी हस्तांतरणापेक्षा वन विभागाबरोबर वापराचा करार करण्याचा विचार करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

नकला मिळण्यास विलंब होत असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. माहिती देण्याची मुदत ३० दिवसांची आहे आणि त्यानंतर प्रथम अपील करता येते. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. भूमापन क्रमांक किंवा नझूल शीट व भूखंड क्रमांक देऊन बांधकाम विभागाच्या मालमत्ता नोंदवहीतील उतारा, शेवटच्या दुरुस्तीचा खर्च, इमारतीचे वर्गीकरण आणि निर्लेखनाचा प्रस्ताव असल्यास त्याची प्रत, असे नेमके मागावे.

निर्लेखनाबद्दल येथेच सांगणे आवश्यक आहे, कारण त्यात घाई करावी लागते. एखादी सरकारी इमारत वापरण्यास अयोग्य ठरवून नोंदवहीतून कमी करणे, नंतर ती पाडणे आणि निघालेले सागवान, दगड व लोखंड लिलावात काढणे, अशी ही प्रक्रिया असते. ती एकदा मंजूर झाली की वास्तू वाचवण्यास फार थोडा अवकाश उरतो. म्हणून कुलूपबंद इमारतीच्या निर्लेखनाची नुसती कुणकुण लागली, तरी संपूर्ण प्रस्ताव तयार होण्याची वाट न पाहता नगरपंचायतीने ठराव करून कार्यकारी अभियंता आणि जिल्हाधिकारी यांना लेखी कळवावे, की ही वास्तू लोकोपयोगासाठी मागण्याची प्रक्रिया सुरू झाली आहे, तरी निर्लेखनाचा निर्णय तोपर्यंत घेऊ नये. या पत्राची पोच जपून ठेवावी.

वास्तू संरक्षित स्मारक आहे का

वास्तू राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक असेल, तर ती १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असते. गाविलगड, नरनाळा, बाळापूरची छत्री, बल्लारपूरचा किल्ला, मार्कंडा येथील मंदिरे ही त्याची विदर्भातील परिचित उदाहरणे. अशा वास्तूचे स्थानिक संस्थेकडे हस्तांतरण मागण्यात वेळ घालवू नये. तुमची वास्तू अशा स्मारकाच्या जवळ असेल तरी २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असते आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते विनियमित असते; दुरुस्तीसाठीही परवानगी लागते. ही अट प्रस्ताव लिहिण्यापूर्वीच तपासावी.

राज्य संरक्षित स्मारके १९६० च्या राज्याच्या कायद्याखाली पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असतात. सिंदखेड राजा येथील लखुजीराजे जाधवांचा वाडा आणि नगरधनचा किल्ला ही या प्रकारातील. येथे मालकी संचालनालयाकडेच राहते, परंतु देखभालीत सहभागी होण्यासाठी ‘महाराष्ट्र वैभव राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजना’ आहे, आणि ठरावीक मुदतीच्या कराराने स्वच्छता, माहितीफलक, दर्शकांसाठी सोयी अशी कामे संस्थांना घेता येतात. ज्या वास्तू कोणत्याही यादीत नाहीत त्यांचेच खरे हस्तांतरण होऊ शकते, आणि खेड्यापाड्यांतील बहुसंख्य जुन्या सरकारी इमारती याच गटात आहेत. यादीत नाही म्हणजे तिला महत्त्व नाही असे नव्हे. शहराच्या विकास योजनेत वारसा वास्तूंची यादी करण्याची तरतूद २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहे, आणि नगरपरिषदेने हस्तांतरणाबरोबरच त्या यादीसाठीही प्रयत्न करावा. त्यामुळे पुढच्या कारभाऱ्यांना ती पाडून व्यापारी संकुल बांधण्याचा मोह झाला तरी कायद्याचा अडसर राहील.

महत्त्व कसे मांडावे

प्रस्तावासोबत वास्तूच्या महत्त्वाची दोन-तीन पानांची टिपणी जोडावी, आणि ती शक्य तितकी नेमकी असावी. ‘शेकडो वर्षांची प्राचीन वास्तू’ अशा विशेषणांनी छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याला काहीही करता येत नाही. इमारत कोणत्या वर्षी, कोणत्या कामासाठी बांधली, तिच्या बांधणीत चुना, सागवान, काळा दगड, कवेलू यांचा वापर कसा आहे, मूळ आराखड्यात नंतर कोणते बदल झाले, हे लिहावे. ब्रिटिशकालीन जिल्हा गॅझेटियरमधील उल्लेख, पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर कार्यालयातील कागद, बांधकाम विभागाचे जुने नकाशे आणि गावातील कुटुंबांकडे असलेली छायाचित्रे यांतून ही माहिती जमते.

वास्तूचे महत्त्व केवळ तिच्या शिल्पात नसते. चिमूर आणि आष्टी या गावांत १६ ऑगस्ट १९४२ रोजी ‘भारत छोडो’ आंदोलनात जे घडले, त्यात सरकारी इमारती हेच घटनास्थळ होते. आष्टीचा मोर्चा पोलीस ठाण्यावरच गेला होता. १९३० च्या जंगल सत्याग्रहात लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदच्या परिसरात जे लोक पकडले गेले, ते कोणत्या तरी कोठडीत बसवले गेले, कोणत्या तरी कचेरीत त्यांच्यावर खटले चालले. तुमच्या गावच्या साध्या, कवेलूच्या तहसिलीचा अशा घटनेशी पुराव्याने संबंध जोडता येत असेल, तर तिची सपाट भिंतही टिकवण्याजोगी आहे. परंतु पुरावा नसताना असा संबंध लिहू नये. एक ऐकीव गोष्ट खोटी ठरली की संपूर्ण टिपणीवरचा विश्वास जातो, आणि ज्यांनी खरोखर तुरुंगवास सोसला त्यांच्यावरही तो अन्याय होतो.

ठराव आणि प्रस्ताव

नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव हा प्रस्तावाचा पाया आहे. निवडून आलेली परिषद अस्तित्वात नसेल तर प्रशासकाचा ठराव चालतो, परंतु तशा वेळी नागरिकांची बैठक घेऊन तिचे इतिवृत्तही जोडावे, म्हणजे पुढे नवी परिषद आल्यावर विषय पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्यावा; गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते, आणि ती उपस्थिती सह्यांनिशी नोंदवलेली असावी. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे गडचिरोली जिल्ह्याच्या मोठ्या भागात, धारणी व चिखलदरा तालुक्यांत आणि यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत, पेसा कायद्यामुळे (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा) ग्रामसभेचे म्हणणे अधिकच निर्णायक ठरते. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५१ मध्ये शासनाने मोकळ्या जागा व तत्सम मालमत्ता पंचायतीकडे निहित करण्याची तरतूद आहे, तिचा उल्लेख मागणीत करावा. २०१५ च्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. अशा गावांत जुन्या नोंदी अजून ग्रामपंचायतीच्याच नावाने असू शकतात, त्या आधी दुरुस्त करून घ्याव्यात.

ठरावाचा मजकूर कसा असावा, याला मी फार महत्त्व देतो. ‘जुनी तहसील इमारत नगरपंचायतीस मिळावी’ एवढे एक वाक्य लिहून चालणार नाही. भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, चतुःसीमा, नेमके प्रयोजन, देखभालीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होईल आणि वास्तूचे मूळ स्वरूप न बदलण्याची हमी, हे सर्व ठरावातच यावे. प्रयोजनाची शब्दरचना जपून करावी, कारण पुढे आदेश नेमका त्याच शब्दांत निघतो. प्रयोजन फक्त ‘वाचनालय’ असे लिहिले आणि नंतर त्याच आवारात महिला बचत गटाला उपाहारगृह चालवण्यास दिले, तर तो शर्तभंग ठरतो आणि जागा शासनजमा होण्याची कारवाई सुरू होऊ शकते. म्हणून अभ्यासिका, प्रदर्शन, व्याख्याने, बचत गटाची विक्री, नाममात्र प्रवेशशुल्क, वर्षातून ठरावीक दिवस सभागृह भाड्याने देणे, जे जे भविष्यात करायचे आहे ते आताच लिहून मागावे. व्यापारी गाळे मात्र मागू नयेत. मूल्यरहित मिळालेल्या ऐतिहासिक जागेवर गाळे काढण्याचा विचार ज्या प्रस्तावात दिसतो, त्याला लोकोपयोगी म्हणून मान्यता मिळणे कठीण असते, आणि मिळू नये असेच मला वाटते.

खर्चाचा भाग प्रामाणिकपणे लिहावा. दुरुस्तीचा एकवेळचा खर्च जिल्हा वार्षिक योजना, नगरपरिषदांसाठीची वैशिष्ट्यपूर्ण योजना किंवा प्रादेशिक पर्यटन विकास योजना यांतून मिळवता येतो. पहारेकरी, वीज, सफाई आणि दरवर्षीची डागडुजी यांचा खर्च मात्र संस्थेलाच उचलावा लागतो, आणि लहान नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकात तो पहिल्या वर्षापासून दिसला पाहिजे. सार्वजनिक ग्रंथालय सुरू करायचे असेल तर १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायद्याखाली मान्यता घेतल्यास वर्गवारीनुसार अनुदान मिळण्याचा मार्ग असतो, तथापि केवळ त्या अनुदानावर इमारतीची देखभाल निभावेल असे समजू नये.

प्रस्तावासोबत मोजणीची ‘क’ प्रत (भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा), अभिलेखांच्या नकला, चारही बाजूंची छायाचित्रे, वापरकर्त्या खात्याचे गरज नसल्याचे पत्र, बांधकाम विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र, संरचनात्मक तपासणीचा अहवाल, नगररचना विभागाचे विकास योजनेबाबतचे अभिप्राय आणि न्यायालयीन वाद नसल्याचा दाखला जोडावा. संरचनात्मक तपासणी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, तंत्रनिकेतन किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थेकडून करून घ्यावी, आणि तपासणाऱ्याला चुन्याच्या बांधकामाचा अनुभव आहे का, हे आवर्जून विचारावे. ज्याने फक्त सिमेंट-काँक्रीटच्या इमारती तपासल्या आहेत, तो जाड चुन्याच्या भिंतीला सहज ‘धोकादायक’ असा शेरा देऊ शकतो.

आवारात अतिक्रमण असेल तर ते लपवू नये. गाव नमुना १-इ मध्ये अतिक्रमणांची नोंद असते आणि स्थळपाहणीत ते दिसणारच असते. अतिक्रमण काढण्याचे काम महसूल विभागाने हस्तांतरणापूर्वी करावे, अशी स्पष्ट विनंती प्रस्तावात करावी, कारण सरकारी जागेतून अनधिकृत भोगवटादारांना हटवण्याचे अधिकार संहितेच्या कलम ५० व ५३ आणि १९५५ च्या राज्याच्या कायद्याखाली महसुली व सक्षम अधिकाऱ्यांकडे आहेत. मात्र एखादे गरीब कुटुंब कित्येक वर्षे पडवीत राहत असेल, तर त्याच्या पुनर्वसनाची सोय आधी पाहावी. लोकांसाठी म्हणून मागितलेल्या वास्तूची सुरुवात कोणाला रस्त्यावर आणून होऊ नये.

फाइलीचा प्रवास

मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे सादर होतो. तिथून तो तहसीलदारांकडे येतो. मंडळ अधिकारी आणि तलाठी स्थळपाहणी व पंचनामा करतात, आणि अहवाल उपविभागीय अधिकाऱ्यांमार्फत परत वर जातो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात बसत असेल तर तिथेच आदेश होतो; अन्यथा प्रस्ताव नागपूर किंवा अमरावतीच्या विभागीय आयुक्तांमार्फत महसूल व वन विभागाकडे मंत्रालयात जातो. संहितेच्या कलम ३८ खाली भाडेपट्टा देता येतो, कलम ४० खाली शासन आपल्याला योग्य वाटतील त्या अटींवर जमीन देऊ शकते, आणि तपशिलासाठी सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीचे १९७१ चे नियम आहेत. मागणी करताना ‘भोगवटामूल्यरहित व महसूलमुक्त’ (जमिनीची किंमत आणि सारा न आकारता) असे शब्द स्पष्टपणे वापरावेत. ते न लिहिल्यास वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार (रेडी रेकनर) मूल्यांकन होऊन रक्कम भरण्याचे पत्र येऊ शकते, आणि लहान नगरपंचायतीचा प्रस्ताव तिथेच संपतो.

पाठपुरावा करण्यासाठी एक कर्मचारी आणि एक पदाधिकारी नेमून द्यावा. प्रत्येक टप्प्यावरील आवक-जावक क्रमांक एका वहीत लिहून ठेवावा, त्रुटींचे पत्र आल्यास त्याच आठवड्यात पूर्तता करावी. अधिकारी बदलून गेले तरी फाइल पुढे सरकण्यासाठी ही वहीच उपयोगी पडते. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते आणि त्या काळात मंत्रालयाचे विभाग तिथे उपस्थित असतात. मुंबईच्या खेपा परवडत नाहीत अशा गावांनी या दिवसांचा उपयोग अवश्य करून घ्यावा. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याची शक्यता असेल, तर आदेश त्यापूर्वी निघेल या बेताने आधीच हालचाल करावी.

आदेश हाती आल्यावर

आदेशातील अटी एकदा नव्हे, तर मुख्याधिकारी, अभियंता आणि सभेचे सदस्य यांनी एकत्र बसून वाचाव्यात. ठरावीक मुदतीत वापर सुरू करणे, शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरण, गहाण किंवा पोटभाड्याने न देणे, प्रयोजन न बदलणे आणि शर्तभंग झाल्यास जागा विनामोबदला परत जाणे, अशा अटी सर्वसाधारणपणे असतात. एखादी अट पाळणे अशक्य वाटत असेल तर ताबा घेण्यापूर्वी ती बदलण्याची विनंती करावी.

ताबा घेताना महसूल, बांधकाम आणि नगरपंचायत यांच्या प्रतिनिधींनी संयुक्त पंचनामा करावा. त्यात प्रत्येक खोलीतील दारे, खिडक्या, तुळया, फरसबंदी, जुने लाकडी सामान, घंटा, दिवे आणि कोनशिला यांची छायाचित्रांसह यादी असावी. सागवानी दारे आणि नक्षीदार खांब कुलूपबंद काळातच नाहीसे होतात, आणि यादी नसेल तर ते केव्हा गेले हेही सांगता येत नाही. खोल्यांत जुने दप्तर सापडल्यास ते रद्दीत घालू नये, स्वतःकडेही ठेवू नये. ते संबंधित खात्याच्या अभिलेख कक्षाकडे किंवा पुराभिलेख कार्यालयाकडे पोच घेऊन सुपूर्द करावे. विजेची थकबाकी असल्यास ती कोणी भरायची, हेही पंचनाम्यातच लिहावे.

दुरुस्तीबाबत एवढेच सांगेन की घाईने सिमेंट वापरू नये. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की भिंतीतला ओलावा आत कोंडतो आणि काही वर्षांत विटा व दगड भुगा होऊ लागतात. वऱ्हाडातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे जोत्याजवळ पाणी साचू न देणे ही पहिली दुरुस्ती समजावी. भिंतीला तडा दिसला तर आधी छपराचे पाणी कुठे जाते ते पाहावे. मृगाच्या आधी कवेलू फेरणे आणि वाळवीसाठी तुळया तपासणे हे दरवर्षीच्या वेळापत्रकात असावे. व्हीलचेअरसाठी उतार आणि अग्निसुरक्षेची साधने कायद्याने आवश्यक आहेत, ती मूळ भिंतींना छिद्रे न पाडता बसवता येतात.

शेवटी तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात आदेशाची प्रत देऊन फेरफार घ्यावा. सातबारावर किंवा आखीव पत्रिकेवर नगरपंचायतीचे नाव आणि आदेशातील अटी चढल्याशिवाय हस्तांतरण पूर्ण होत नाही. नोंद झाल्यावर वास्तू नगरपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत घ्यावी, बांधकाम विभागाच्या नोंदवहीतून ती कमी झाल्याचे पत्र मिळवावे, आणि दरवर्षी मार्चअखेर वापराचा अहवाल छायाचित्रांसह जिल्हाधिकाऱ्यांना पाठवत राहावे. आदेशात तशी अट नसली तरीही, कारण पुढे कधी शर्तभंगाची तक्रार झाली, तर वापर अखंड चालू होता हे दाखवणारा तोच सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.